‘शून्य शुल्क’ कोणाला शून्य पडते? गुंतवणुकीच्या स्वस्त ॲपची कोकणातून केलेली तुलना

दापोली-गुहागरपासून देवगड, मालवण, वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनारपट्टीत शेअर आणि म्युच्युअल फंडांचे व्यवहार आता बहुतांशी मोबाइलवरूनच होतात. तालुक्याच्या गावी ब्रोकरचे कार्यालय असो वा नसो, आधार, पॅन आणि बँक खाते हाताशी असले की घरबसल्या डीमॅट खाते (शेअर जमा ठेवण्याचे खाते) उघडते आणि ‘शून्य शुल्क’ हे शब्द जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत असतात. रत्नागिरी आणि लांजा भागातल्या काही कुटुंबांची प्राप्तिकराची विवरणपत्रे मी भरून देतो, त्यामुळे त्यांच्या कॉन्ट्रॅक्ट नोट (ब्रोकरने दिलेली व्यवहाराची पावती) आणि वर्षअखेरचे खातेउतारे माझ्या नजरेखालून जातात. ते वाचून माझे मत असे झाले आहे की कोणते ॲप स्वस्त, या प्रश्नाचे उत्तर दरपत्रकात निम्मेच असते. उरलेले निम्मे घरात पैसा कसा येतो यावर ठरते. आंबा बागायतदाराच्या हातात एप्रिल-मे महिन्यांत एकरकमी पैसा येतो, अंगणवाडी सेविका दरमहा हजार-दोन हजार रुपये बाजूला काढते, आणि मच्छीमाराच्या घरी १ जून ते ३१ जुलै या मासेमारी बंदीच्या काळात आवक थांबते. एकच दरपत्रक या तिघांना तीन निराळ्या भावांनी पडते.

येथे मी प्रामुख्याने झिरोधा, ग्रो आणि एंजल वन या तीन सेवांचे दर पाहिले आहेत. आमच्याकडे याच तिघांची खाती सर्वाधिक दिसतात. हे दर वेळोवेळी बदलतात, म्हणून खाते उघडण्याच्या दिवशी कंपनीच्या संकेतस्थळावरील दरपत्रक पुन्हा वाचून घ्यावे.

प्रथम जे शुल्क कोणत्याही ॲपमध्ये टळत नाही, ते बाजूला काढू. डिलिव्हरीच्या व्यवहारात, म्हणजे शेअर घेऊन खात्यात ठेवण्याच्या व्यवहारात, खरेदी आणि विक्री या दोन्ही वेळी ०.१ टक्का सिक्युरिटीज ट्रान्झॅक्शन टॅक्स लागतो. खरेदीवर ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क आहे, राष्ट्रीय शेअर बाजाराचे व्यवहार शुल्क लाखाला सुमारे ३ रुपये आहे, आणि बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीचे शुल्क कोटीला १० रुपये आहे. ब्रोकरेज (ब्रोकरचा मोबदला), बाजाराचे शुल्क आणि सेबीचे शुल्क यांच्या बेरजेवर १८ टक्के जीएसटी बसतो. याचा अर्थ १०,००० रुपयांचे शेअर घेताना ब्रोकरने एक पैसाही घेतला नाही तरी सुमारे १२ रुपये जातात, आणि त्यांतले १० रुपये हा निव्वळ कर असतो. ‘शून्य’ म्हणवणाऱ्या ॲपनेही १२ रुपये कापले, अशी तक्रार अनेक जण माझ्याकडे घेऊन येतात. ती तक्रार ॲपवर अन्याय करणारी आहे.

आता ब्रोकरेज. झिरोधा डिलिव्हरीवर ब्रोकरेज घेत नाही. इंट्राडे व्यवहारावर, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकण्याच्या व्यवहारावर, ०.०३ टक्के किंवा २० रुपये, यांपैकी कमी असेल ते घेते. ग्रो डिलिव्हरीवरही ०.१ टक्का किंवा २० रुपये, यांपैकी कमी असेल ते आकारते आणि त्याला एक किमान मर्यादाही असते. एंजल वनची डिलिव्हरी पूर्वी विनाशुल्क होती. १ नोव्हेंबर २०२४ पासून तेथेही ०.१ टक्का किंवा २० रुपये असाच दर लागू झाला. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो, परंतु रक्कम बदलली की त्याचे वजनही बदलते. बागायतदाराने हंगामानंतर एकाच ऑर्डरमध्ये एक लाखाचे शेअर घेतले, तर २० रुपये आणि जीएसटी धरून २३ रुपये ६० पैसे होतात, म्हणजे शंभर रुपयांमागे अडीच पैशांहूनही कमी. याउलट महिन्याला २,००० रुपयांचेच शेअर घेणाऱ्याला किमान ब्रोकरेज ५ रुपये लागले, तर जीएसटीसह ५ रुपये ९० पैसे होतात, म्हणजे शंभर रुपयांमागे जवळजवळ तीस पैसे. एकाच ॲपवर लहान गुंतवणूकदार मोठ्याच्या बारा पटींहून अधिक दर मोजतो. बँकांशी संलग्न असलेल्या जुन्या पद्धतीच्या ब्रोकरकडे अर्ध्या टक्क्याच्या आसपासचा दर आजही आढळतो. तेथे एक लाखाच्या खरेदीला ५०० रुपये आणि वर ९० रुपये जीएसटी लागतो. त्या मानाने हे तिन्ही पर्याय स्वस्त आहेत, हे निःसंशय.

ब्रोकरेज नसलेली डिलिव्हरी कोणाच्या पैशावर चालत होती, हेही समजून घेतले पाहिजे, कारण पुढे कोणते दर वाढतील याचा अंदाज त्यावरूनच येतो. पूर्वी शेअर बाजार ब्रोकरकडून उलाढालीच्या टप्प्यांनुसार शुल्क घेत असत. उलाढाल जितकी मोठी, तितका दर कमी. ब्रोकर मात्र ग्राहकाकडून सर्वांत जास्त दर घेई आणि मधला फरक स्वतःकडे ठेवी. सेबीने १ जुलै २०२४ च्या परिपत्रकाने ही पद्धत बंद केली आणि १ ऑक्टोबर २०२४ पासून सर्वांना एकच दर लागू झाला. त्यानंतर महिन्याभरातच एंजल वनने डिलिव्हरीवर शुल्क सुरू केले, झिरोधाने ते सुरू केले नाही. ग्राहकाच्या दृष्टीने सेबीचा निर्णय योग्यच होता, कारण शुल्क लपून घेतले जाण्यापेक्षा ते उघडपणे मागितले गेलेले केव्हाही बरे. मात्र आजची शून्य ब्रोकरेज ही कंपनीची चालू भूमिका आहे, कायमचे वचन नव्हे, हे गृहीत धरूनच ॲप निवडावे.

आता ज्या शुल्काकडे आमच्या भागात सर्वांत कमी लक्ष दिले जाते, त्याकडे वळतो. ते म्हणजे विक्रीच्या वेळचा डीपी चार्ज. डीमॅट खात्यातून शेअर बाहेर पडले की डिपॉझिटरी (शेअर इलेक्ट्रॉनिक रूपात सांभाळणारी संस्था) आणि ब्रोकर मिळून एक ठरावीक रक्कम घेतात. ती रक्कम विक्रीच्या किमतीवर ठरत नाही. एका दिवसात एका कंपनीमागे एकदा लागते. झिरोधात ती जीएसटीसह १५ रुपये ३४ पैसे आहे आणि तीत डिपॉझिटरी सीडीएसएलचा वाटा साडेतीन रुपयांचा आहे. ग्रोमध्ये ती २० रुपये अधिक जीएसटी, म्हणजे २३ रुपये ६० पैसे होते. खातेदार स्त्री असेल तर सीडीएसएलच्या वाट्यात २५ पैशांची सवलत मिळते. हा आकार कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये दिसत नाही. तो नंतर खातेउताऱ्यात नावे पडतो, आणि खातेउतारा उघडून पाहणारा गुंतवणूकदार मला क्वचितच भेटतो.

समजा, पावसाळ्यापूर्वी घराची डागडुजी करण्यासाठी एखाद्याला १०,००० रुपये हवे आहेत आणि त्याने पाच कंपन्यांचे प्रत्येकी २,००० रुपयांचे शेअर एकाच दिवशी विकले. झिरोधात डीपी चार्जचे ७६ रुपये ७० पैसे जातील. ग्रोमध्ये डीपी चार्जचे ११८ रुपये आणि ५ रुपयांच्या किमान दराने ब्रोकरेजचे जीएसटीसह २९ रुपये ५० पैसे मिळून १४७ रुपये ५० पैसे होतील, म्हणजे जवळजवळ दीड टक्का. तेच १०,००० रुपये एकाच कंपनीचे शेअर विकून उभे केले, तर झिरोधात १५ रुपये ३४ पैशांत आणि ग्रोमध्ये ब्रोकरेज धरूनही ३६ रुपयांच्या आत काम होते. एकाच दिवशी त्याच कंपनीचे शेअर तीन वेळा मिळून विकले तरी आकार एकदाच लागतो, परंतु थोडे आज आणि थोडे उद्या विकले तर तो दोनदा लागतो. आमच्याकडे लहान गुंतवणूकदार पाच-पाच, दहा-दहा शेअर जमवत वीस-पंचवीस कंपन्या खात्यात गोळा करतो आणि अडचणीला प्रत्येकातले थोडे थोडे विकतो. अशा माणसाचे खरे नुकसान येथे होते, आणि ते टाळण्यासाठी ॲप बदलण्याचीही गरज नाही, विकण्याची रीत बदलली तरी पुरेसे आहे.

वार्षिक देखभाल शुल्काबाबत चित्र आता बरेच सुधारले आहे. सेबीच्या नियमानुसार १ सप्टेंबर २०२४ पासून ‘बेसिक सर्व्हिसेस डीमॅट’ प्रकारच्या खात्यात ४ लाख रुपयांपर्यंतच्या मूल्यावर देखभाल शुल्क नाही आणि ४ ते १० लाखांपर्यंत ते वर्षाला १०० रुपये आहे. तोपर्यंत शून्य शुल्काची मर्यादा शेअरसाठी फक्त ५०,००० रुपये होती. ग्रोने देखभाल शुल्क ठेवलेलेच नाही. झिरोधाच्या साध्या खात्याला वर्षाला ३०० रुपये अधिक जीएसटी लागतो, परंतु बेसिक खाते असेल तर वरील सवलत मिळते. अट एकच आहे, पण ती महत्त्वाची आहे: एका पॅनवर, एकमेव किंवा प्रथम धारक म्हणून, सर्व डिपॉझिटरी मिळून एकच डीमॅट खाते असले पाहिजे. दुसरे खाते कोठेही निघाले की सवलत जाते. नव्या ॲपच्या आमंत्रण योजनेतून शंभर-दोनशे रुपये मिळतात म्हणून तिसरे-चौथे खाते उघडणारी तरुण मुले मी पाहतो, त्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

म्युच्युअल फंडांची तुलना वेगळ्या पातळीवर करावी लागते, कारण तेथे खर्चाचे बिल कधी येतच नाही. १ जानेवारी २०१३ पासून प्रत्येक फंड योजनेला डायरेक्ट प्लॅन आहे. त्यात वितरकाचे कमिशन नसते, म्हणून त्याचा वार्षिक खर्च रेग्युलर प्लॅनपेक्षा कमी असतो. इक्विटी योजनांत हा फरक साधारणपणे अर्धा ते एक टक्का असतो. तो दररोजच्या एनएव्हीतूनच, म्हणजे युनिटच्या भावातूनच, वजा होत असल्यामुळे खातेउताऱ्यात ‘कपात’ म्हणून दिसत नाही. दरमहा ५,००० रुपयांची एसआयपी, म्हणजे फंडात आपोआप जाणारा ठरावीक हप्ता, २० वर्षे चालवली, तर स्वतःचे १२ लाख रुपये जातात. वार्षिक १२ टक्के परतावा गृहीत धरला, तर सुमारे ४९ लाख ९६ हजार होतात. साडेअकरा टक्क्यांनी सुमारे ४६ लाख ७० हजार आणि ११ टक्क्यांनी सुमारे ४३ लाख ६८ हजार. परतावा किती मिळेल हे कोणीच सांगू शकत नाही आणि हे आकडे केवळ अंकगणित म्हणूनच घ्यावेत. परंतु अर्ध्या टक्क्याने सव्वातीन लाख आणि एका टक्क्याने सव्वासहा लाख रुपये कमी होतात, हे गणित परताव्याच्या अंदाजाइतके अनिश्चित नाही. डीपी चार्जच्या पंधरा रुपयांवर वाद घालणारा गुंतवणूकदार या रकमेबद्दल गप्प राहतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

झिरोधाच्या कॉइन या फंडांसाठीच्या सेवेवर आणि ग्रोवर डायरेक्ट प्लॅन विनाशुल्क मिळतात, म्हणून केवळ फंडांत गुंतवणूक करणाऱ्याला या दोघांत खर्चाचा फरक जवळजवळ नाही. फंड कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून घेतले तरी तेच. बँकेच्या ॲपमधून किंवा ओळखीच्या प्रतिनिधीकडून घेतलेली योजना मात्र बहुधा रेग्युलर असते. योजनेच्या नावातच ‘डायरेक्ट’ किंवा ‘रेग्युलर’ हा शब्द असतो, तो पाहावा. शिवाय सहामाही एकत्रित खातेउताऱ्यात वितरकाला किती रुपये कमिशन दिले गेले, हा आकडा छापलेला असतो; तो स्तंभ प्रत्येकाने एकदा तरी वाचावा. रेग्युलरमधून डायरेक्टमध्ये जाणे ही कायद्याने विक्रीच ठरते, त्यामुळे निर्गमन भार (लवकर पैसे काढल्यास फंड घेतो ती कपात) आणि भांडवली नफ्यावरील कर लागू शकतो. वर्षाहून अधिक काळ ठेवलेल्या इक्विटी युनिटवर वर्षाला सव्वा लाखापर्यंतचा नफा करमुक्त आहे आणि त्याहून अधिक नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. म्हणून नवी एसआयपी लगेच डायरेक्टमध्ये सुरू करावी आणि जुनी युनिट या मर्यादेत राहून दरवर्षी थोडी थोडी हलवावीत, असा सल्ला मी देतो.

येथे वितरकाची बाजूही मांडली पाहिजे. चिपळूण किंवा कुडाळसारख्या गावात एखादा वितरक घरी येऊन नामनिर्देशन भरून घेतो, बाजार पडला की एसआयपी बंद करू नका असे समजावतो, आणि घरातला कर्ता माणूस गेला की युनिट वारसाच्या नावे करण्याची कागदपत्रे धावपळ करून पूर्ण करतो. ज्या घरात हे काम करणारे दुसरे कोणी नाही, त्या घराने त्याचा मोबदला देण्यात काही गैर नाही. माझी अपेक्षा इतकीच की तो मोबदला किती आहे हे त्या घराला रुपयांत माहीत असावे.

मच्छीमार कुटुंबांसाठी एसआयपीचा एक वेगळा खर्च असतो, तो हप्ता न वठल्याचा. खात्यात शिल्लक नसली की फंड कंपनी दंड करत नाही, पण बँक प्रत्येक वेळी काही शे रुपये आणि जीएसटी कापू शकते, आणि हजार रुपयांच्या हप्त्यामागे तो दंड फार जड पडतो. मासिक एसआयपीचे सलग तीन हप्ते चुकले की एसआयपीही रद्द होते. म्हणून बंदीच्या दोन महिन्यांसाठी एसआयपी थांबवून ठेवण्याची सोय ॲपमध्ये आहे का, आणि ती किती दिवस आधी कळवावी लागते, हे खाते उघडतानाच पाहावे. माझ्या मते किनाऱ्यावरच्या माणसासाठी ही सोय ब्रोकरेजच्या दराहून अधिक मोलाची आहे.

पावसाळ्यात वीज आणि मोबाइलचा टॉवर दोन्ही बेभरवशाचे होतात. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दापोली-मंडणगड भागात वीज कितीतरी दिवस आली नव्हती, हे आम्ही पाहिले आहे. ॲप चालत नसेल तर दूरध्वनीवरून ऑर्डर देता येते, पण झिरोधात त्याला प्रत्येक ऑर्डरमागे ५० रुपये अधिक जीएसटी लागतो. विक्री करताना टीपिन (विक्रीला मंजुरी देण्याचा गुप्त क्रमांक) आणि मोबाइलवरचा ओटीपी वेळेत येत नाही, ही तक्रारही डोंगराकडच्या वाड्यांत नेहमीची आहे. डीडीपीआय हा अधिकारपत्राचा अर्ज एकदाच भरून दिला की प्रत्येक विक्रीला ओटीपीची वाट पाहावी लागत नाही. त्याचे एकदाच पडणारे शुल्क दुर्गम भागातल्या खातेदाराने जरूर भरावे.

फ्युचर्स आणि ऑप्शन्सचे, म्हणजे पुढच्या भावावर लावलेल्या सौद्यांचे, दर मी या तुलनेत मुद्दाम घेतलेले नाहीत. ऑर्डरमागे २० रुपये हा दर दिसायला क्षुल्लक आहे, आणि तो क्षुल्लक दिसतो म्हणूनच ऑर्डरमागून ऑर्डर जाते. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत या व्यवहारांत उतरलेल्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, आणि २०२३-२४ मध्ये केवळ व्यवहार खर्चापोटी प्रत्येकाचे सरासरी २६,००० रुपये गेले. काजूचे किंवा आंब्याचे पैसे घेऊन या वाटेला जाणाऱ्याला कोणतेही ॲप स्वस्त पडणार नाही. काही ॲपवर मिळणाऱ्या डिजिटल सोन्याबद्दलही माझे मत प्रतिकूल आहे. खरेदीवर ३ टक्के जीएसटी जातो, शिवाय खरेदी आणि विक्रीच्या भावांत अंतर असते.

एकंदर निवड करायची तर माझा कौल असा आहे. जो दरमहा लहान रकमेचे शेअर घेऊन वर्षानुवर्षे ठेवतो आणि ज्याचे त्या पॅनवर एकच डीमॅट खाते आहे, त्याला झिरोधा स्पष्टपणे स्वस्त पडते. ज्याला केवळ फंडांत पैसे ठेवायचे आहेत, त्याने जे ॲप समजायला सोपे वाटेल ते घ्यावे; ग्रोची मांडणी नवख्याला लवकर उमगते, हा माझा अनुभव आहे. वर्षातून एकदा मोठी रक्कम गुंतवणाऱ्या बागायतदाराने २० रुपयांच्या ब्रोकरेजचा विचार न करता तक्रार कोठे व कशी ऐकली जाते हे पाहावे. निफ्टीसारख्या निर्देशांकात लहान हप्त्यांनी पैसे घालायचे असतील, तर ईटीएफऐवजी (शेअरसारखा बाजारात खरेदी-विक्री होणारा फंड) त्याच निर्देशांकाच्या इंडेक्स फंडाचा डायरेक्ट प्लॅन घ्यावा, कारण ईटीएफ बाजारातून घ्यावा लागतो आणि विकताना डीपी चार्ज बसतो.

नवे खाते उघडण्यापूर्वी मुंबईच्या दिवसांतले जुने खाते शोधावे. नोकरीच्या काळात दादर-परळच्या शाखेत उघडलेले डीमॅट खाते निवृत्तीनंतर गावी आलेल्या माणसाच्या विस्मरणात जाते, बँक खात्यातून मात्र त्याचे देखभाल शुल्क वर्षानुवर्षे जात राहते, आणि त्याच खात्यामुळे नव्या ॲपवरची बेसिक खात्याची सवलतही मिळत नाही. असे खाते बंद करून त्यातले शेअर त्याच धारकाच्या दुसऱ्या डीमॅट खात्यात हलवायचे असतील, तर त्या हस्तांतरणाला शुल्क घेता येत नाही. अर्जासोबत नव्या खात्याची क्लायंट मास्टर प्रत (खात्याच्या तपशिलाचा कागद) जोडावी लागते, ती नव्या ॲपमधूनच उतरवून घेता येते. शाखेने टाळाटाळ केली तर आधी ब्रोकरच्या तक्रार विभागाकडे आणि नंतर सेबीच्या स्कोअर्स या संकेतस्थळावर तक्रार नोंदवता येते, आणि त्यासाठी मुंबईला हेलपाटा घालावा लागत नाही.